सर्वांत परावलंबी व्यक्तीकडे आधी पाहा

वाचकांचे प्रश्न : वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांविषयी

प्रश्न : माझ्या आईचे वय ८१ आहे. पक्षाघातामुळे तिची डावी बाजू लुळी पडली असून आधाराशिवाय तिला उठता येत नाही. अलीकडे स्मृतीही क्षीण झाली आहे. तिची शुश्रूषा घरी करणे आता आम्हा भावंडांच्या आवाक्याबाहेर गेले आहे. आम्ही दोन केंद्रे पाहिली. एकाची इमारत, दिवाणखाना, बाग सारे प्रशस्त आहे. दुसरे जुने आणि साधे आहे, पण तेथील सेविका प्रेमळ वाटल्या. परवाना दोघांकडेही आहे. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर : दिवाणखाना आणि बाग पाहून चालकांनी पैसा कोठे खर्च केला एवढेच कळते. सेविकांचा प्रेमळपणा त्याहून निश्चितच मोलाचा आहे. परंतु सकाळच्या वेळी, पाहुण्यांसमोर दिसलेल्या प्रेमळपणावर आईला सोपवावे, असे मी म्हणणार नाही. जी व्यक्ती बोलू शकत नाही, स्वतः कूस बदलू शकत नाही आणि तक्रार करू शकत नाही, तिची तेथे काय अवस्था आहे, यावरून केंद्राची पारख करावी. हिंडत्याफिरत्या, गप्पिष्ट रहिवाशांची निगा बहुतेक ठिकाणी बऱ्यापैकी राखली जाते, कारण ते हाक मारतात आणि नातेवाइकांना सांगतात. आपल्या आईंची गणना मात्र दुसऱ्या गटात होणार आहे. म्हणून नमुन्याची सजवलेली खोली पाहून परतू नका. अंथरुणाला खिळलेले रहिवासी ज्या भागात राहतात, तो भाग पाहण्याचा आग्रह धरा. परवानगीशिवाय कोणाच्या खोलीत डोकावणे अर्थातच योग्य नव्हे, पण भोजनकक्षात आणि मार्गिकेतही पुष्कळ दिसते. ओठ कोरडे आहेत काय, नखे कापलेली आहेत काय, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवलेला आहे की खणात पडला आहे, कवळी आणि श्रवणयंत्र जागच्या जागी आहेत काय, हे पाहावे. अशा बारीक गोष्टींना रोज वेळ द्यावा लागतो आणि मनुष्यबळ अपुरे पडले की पहिली गच्छंती त्यांचीच होते.

हाक मारण्याची घंटा कोठे ठेवली आहे, हे आपल्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. डावी बाजू लुळी असलेल्या व्यक्तीच्या डाव्या हाताशी बांधलेली घंटा निरुपयोगी असते. पाण्याच्या पेल्याचेही तेच. पक्षाघातानंतर काही रुग्णांचे लुळ्या बाजूच्या वस्तूंकडे लक्षच जात नाही, त्यामुळे समोर ठेवलेले पाणीही त्यांच्यासाठी नसल्यासारखेच ठरते. एखाद्या खोलीची घंटा वाजली, तर किती वेळाने कोणी तेथे पोहोचते, हे घड्याळात पाहा.

शय्याव्रणांविषयी सविस्तर विचारावे, कारण शुश्रूषेची हेळसांड जेवढी त्यांतून उघड होते तेवढी क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल. एकाच जागी सतत दाब पडला की तेथील रक्तपुरवठा खुंटतो; माकडहाड, टाचा, खुबे या जागांना प्रथम इजा होते. दाबल्यावरही न मावळणारी लाली ही सुरुवात असते. गडद त्वचेवर ती लाली ओळखू येत नाही. तेथे काळसर छटा, उष्णता किंवा कडकपणा शोधावा लागतो. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात जुना आहे, मात्र योग्य अंतर त्या व्यक्तीची प्रकृती आणि गादीचा प्रकार पाहून ठरवले जाते. धोका कोणाला किती आहे हे मोजण्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मापनपट्टी अनेक ठिकाणी वापरतात. आपण विचारावे, “येथे दाखल झाल्यानंतर शय्याव्रण झालेले रहिवासी सध्या किती आहेत?” “आमच्याकडे कोणालाच कधी होत नाही,” असे उत्तर मिळाल्यास सावध व्हा, “एकाला झाले आहे, ते असे लक्षात आले आणि हे उपचार चालू आहेत,” असे सांगणारे केंद्र मला अधिक विश्वासार्ह वाटते. कूस बदलल्याच्या नोंदींचा कोरा नमुना नव्हे, तर भरलेला तक्ता नाव झाकून दाखवण्याची विनंती करावी. दुपारी बाराला पाहिलेल्या तक्त्यात चारपर्यंतच्या नोंदी आधीच झालेल्या दिसल्या, तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही.

भेटीसाठी जेवणाची वेळ निवडा, आणि दुसऱ्या भेटीसाठी शक्यतो सुट्टीच्या दिवसाची संध्याकाळ, कारण त्या वेळी कर्मचारी सर्वांत कमी असतात. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया मंदावलेली असू शकते आणि घास श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा संसर्ग होतो. म्हणून भरवणारी व्यक्ती रहिवाशाला ताठ बसवून, स्वतः शेजारी बसून, एक घास गिळला गेल्याची खात्री करून दुसरा देते काय, की उभ्या उभ्या दोघा-तिघांना एकाच वेळी भरवते, हे पाहावे. जेवणानंतर सुमारे अर्धा तास आडवे न करणे आणि दोन्ही वेळा तोंड स्वच्छ करणे हेही याच काळजीचे भाग आहेत. वजनाची नोंद दरमहा व्हायला हवी. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप घटणे ही गंभीर बाब मानली जाते. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत महिन्यातली घट अवघी अडीच किलो असते आणि सैल कपड्यांत ती सहज लपते.

मनुष्यबळाविषयी विचारताना “साधारणपणे किती सेविका असतात?” असा प्रश्न विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी समाधानकारकच असते. “काल रात्री या मजल्यावर किती रहिवासी होते, जाग्या असलेल्या सेविका किती होत्या आणि त्यांतील प्रशिक्षित परिचारिका किती?” असे विचारा. आईंना खाटेवरून खुर्चीत बसवण्यासाठी दोन माणसे किंवा उचलण्याचे यंत्र लागेल. रात्री एकच सेविका असेल, तर ती हे कसे करणार, याचे उत्तर स्पष्ट मिळाले पाहिजे. सेविका किती काळ टिकतात, हेही त्यांनाच सहज बोलता बोलता विचारावे. सतत माणसे बदलत असतील, तर रोजच्यापेक्षा आज आई वेगळ्या वागत आहेत, हे कोणाच्याच लक्षात येणार नाही.

दुर्गंधीवरून घाईने मत बनवू नये. एखाद्या खोलीशी क्षणभर वास येणे स्वाभाविक आहे. पूर्ण मजल्यावर सर्वकाळ रेंगाळणारा वास, किंवा तो झाकण्यासाठी फवारलेला उग्र सुगंध, हे मात्र दुर्लक्षाचे लक्षण आहे. लघवीची नळी किती जणांना आणि कोणत्या कारणासाठी घातली आहे, हेही विचारावे, कारण केवळ कपडे बदलण्याचे श्रम वाचावेत म्हणून ठेवलेल्या नळीतून संसर्ग होतो.

इमारतीच्या बाबतीत दोनच गोष्टींचा आग्रह धरीन. पहिली म्हणजे स्नानाचे पाणी. लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून साठवणीतले पाणी साठ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, पण त्या तापमानाला वृद्धांची पातळ त्वचा काही सेकंदांत भाजते. त्यामुळे नळाशी थंड पाणी मिसळणारी झडप हवी. ब्रिटनमधील सुरक्षा मार्गदर्शनानुसार शुश्रूषा केंद्रांत स्नानाचे पाणी ४४ अंशांहून अधिक गरम असू नये. दुसरी गोष्ट आगीची. चालू न शकणाऱ्या रहिवाशांना रात्रपाळीतील तेवढीच माणसे कोठे आणि कशी हलवणार, आणि तसा सराव रात्रीच्या माणसांसह शेवटचा कधी झाला, हे विचारा. स्मृतिभ्रंशाच्या विभागाची दारे कुलूपबंद असतील, तर धोक्याची घंटा वाजताच ती आपोआप उघडली पाहिजेत.

साध्या केंद्राकडे माझा कल आहे, हे लपवत नाही. मात्र रात्रीची संख्या आणि कूस बदलल्याचा तक्ता या दोन परीक्षांत ते टिकले पाहिजे. टिकले नाही, तर तिसरे केंद्र शोधावे.

प्रश्न : केंद्रांना दिल्या जाणाऱ्या तारांकनावर किंवा मानांकनावर विसंबून राहावे काय?

उत्तर : प्राथमिक गाळणीसाठी त्याचा उपयोग करावा, निर्णयासाठी नव्हे. अमेरिकेत २००८ पासून शुश्रूषा केंद्रांना एक ते पाच तारे दिले जातात. त्यांत निरीक्षकांची तपासणी, मनुष्यबळ आणि शुश्रूषेचे निर्देशांक असे तीन घटक आहेत. पण निर्देशांकांपैकी बरेचसे केंद्रांनी स्वतःच भरलेल्या माहितीवर आधारलेले असतात. मनुष्यबळाचे आकडेही पूर्वी केंद्रेच सांगत, म्हणून २०१६ पासून वेतनपत्रकांवर आधारित नोंदी मागवण्यास सुरुवात झाली. जेथे तपासणीचे अहवाल जनतेसाठी खुले असतात, तेथे ताऱ्यांऐवजी लागोपाठचे दोन-तीन अहवालच वाचावेत. वेगवेगळे किरकोळ दोष सर्वत्र आढळतात. तोच दोष प्रत्येक अहवालात पुन्हा येत असेल, तर चालकांनी तो मान्य करून टाकला आहे, असे समजावे.

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेले माझे वडील काही महिन्यांपासून एका केंद्रात आहेत. पूर्वी ते रात्री ओरडत, खोलीबाहेर जात. गेल्या दोन आठवड्यांपासून ते दिवसभर झोपलेले असतात, जेवतानाही डोळे मिटतात. “आता ते छान रुळले आहेत,” असे कर्मचारी सांगतात. माझे समाधान होत नाही. मी उगाच शंका घेत आहे काय?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे निरसन आजच व्हायला हवे. सतत ग्लानीत असणे म्हणजे रुळणे नव्हे. वृद्धांमध्ये लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, रक्तातील साखर घसरणे, अथवा पडल्यामुळे डोक्यात झालेला रक्तस्राव यांचे पहिले लक्षण अनेकदा सुस्ती हेच असते. ताप किंवा वेदना असतीलच असे नाही. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि या काळात ते पडले होते काय, हे लेखी विचारा.

त्यानंतर औषधांची पूर्ण यादी मागा. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल या मनोविकारांवरील औषधांची नावे त्यात असतील, तर ती कोणी, कधी, कोणत्या कारणासाठी सुरू केली आणि त्यासाठी कोणाची संमती घेतली, याचे उत्तर मिळण्याचा आपल्याला अधिकार आहे. रिस्पेरिडोनसारख्या नव्या पिढीच्या औषधांमुळे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली दिला आणि २००८ मध्ये तो हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू केला. ज्या चाचण्यांवरून तो इशारा दिला गेला, त्यांत औषध घेणाऱ्यांमधील मृत्यूंचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या सुमारे १.६ ते १.७ पट होते. याचा अर्थ ही औषधे कधीच देऊ नयेत, असा नाही. रुग्ण स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याची शक्यता असेल, इतर उपाय थकले असतील, तर कमीत कमी मात्रेत, ठरावीक मुदतीसाठी ती दिली जातात. फेरविचाराची तारीखच ठरलेली नाही, असे आढळल्यास ते औषध रुग्णासाठी आहे की रात्रपाळीच्या सोयीसाठी, हा प्रश्न विचारावाच लागतो. झोपेच्या आणि चिंता शमवण्याच्या गोळ्यांबद्दलही हेच विचारा. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या निर्णयाने एकाएकी थांबवू नका. लोराझेपाम किंवा अल्प्राझोलाम अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात.

वडील ओरडत का होते, याचाही शोध घेण्यास सांगा. बद्धकोष्ठता, दुखरा दात, लघवीची भावना किंवा ऐकू न येणे, यांपैकी एखादे कारण असे असते की गोळीने ते फक्त झाकले जाते.

प्रश्न : सासूबाई खाटेवरून पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कठडे लावावेत, अशी आमची मागणी केंद्राने नाकारली. ही टाळाटाळ आहे काय?

उत्तर : नकारामागे कारण असू शकते. गोंधळलेली व्यक्ती कठडा ओलांडू पाहते आणि मग अधिक उंचीवरून पडते. शिवाय कठडा आणि गादी यांच्यातील फटीत मान किंवा छाती अडकून मृत्यू झालेले आहेत, आणि त्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ सालीच सावध केले होते. परंतु केवळ नकार देऊन केंद्राची जबाबदारी संपत नाही. कठड्याऐवजी खाट जमिनीलगत खाली आणणे, शेजारी मऊ चटई अंथरणे, रात्री मंद दिवा ठेवणे, न घसरणारी पादत्राणे देणे आणि ठरावीक वेळी उठवून शौचालयात नेणे, यांतील काय काय केले जाणार आहे, हे सासूबाईंच्या शुश्रूषा आराखड्यात लिहून घ्या. रात्री उठताना पडण्यामागे बहुतेकदा शौचालयात जाण्याची घाई असते, त्यामुळे त्या शेवटच्या मुद्द्यापुढे नेमकी वेळ आणि जबाबदार सेविकेची पाळी नोंदवलेली आहे, हे पाहूनच स्वाक्षरी करा.