मुक्ताईनगरच्या बहिणीला: ‘मी हे करणार नाही’ म्हणायचा हक्क कुठे किती

तू मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे तुझ्यासारख्या इतर मुलींनाही उत्तर कळेल. तू मुक्ताईनगर तालुक्यातली. बी.एस्सी. नर्सिंग झालं, चार वर्षं जळगावला लेबर रूममध्ये काढलीस. घर माळकरी, वडील दरवर्षी मुक्ताबाईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात, तुझ्याही गळ्यात माळ आहे. एजंट आयर्लंड म्हणतोय, मावसभाऊ जर्मनी. पण तुझी झोप उडालीय ती पगारापायी नाही. तिकडे गर्भपाताच्या केसला हात लावायला भाग पाडतील का, आणि नाही म्हटलं तर नोकरी आणि परमिट दोन्ही जाईल का, हे तुला हवंय.

मी नवापूर तालुक्यातली, घर ख्रिस्ती. धुळ्याला जी.एन.एम., म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला, तिथेच सहा वर्षं नोकरी केली, २०१६ पासून आयर्लंडमध्ये आहे. तुझी माळ, माझा क्रूस, पण पेच तोच. माझाही आक्षेप इथे कागदावर नोंदवलेला आहे. इथे त्याला कॉन्शियन्शस ऑब्जेक्शन म्हणतात. आपण विवेकाचा नकार म्हणू.

आधी आपल्याकडचं सांगते, कारण आपण तिथली सवय घेऊनच विमानात बसतो. १९७१ चा एमटीपी, म्हणजे गर्भपाताचा, कायदा १९७२ पासून लागू झाला, २०२१ मध्ये दुरुस्त होऊन काही स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर गेली. चांगल्या हेतूने काम करणाऱ्या डॉक्टरला त्यात संरक्षण आहे. पण ‘माझ्या मनाला पटत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टर-नर्ससाठी त्यात एक ओळही नाही. उलट डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत असं आहे, की वैद्यकीय कारण असताना निव्वळ धर्माच्या कारणावरून गर्भपात किंवा नसबंदीला मदत नाकारू नये. नर्सचं काय? ते सगळं इन्चार्ज सिस्टरच्या मर्जीवर. धुळ्यात मी जिथे होते, तिथे एका मैत्रिणीने तोंडावर नाही म्हटलं आणि पुढचे तीन महिने रोस्टरवर तिला नाइटच नाइट लागली. ते बघून मी गप्प राहायला शिकले. एमटीपीची केस लागली की मी काहीतरी निमित्त काढून ओटीतून सटकायचे.

एकदा अक्कलकुव्याकडच्या एका पाड्यावरची मुलगी आली होती, जेमतेम एकोणीस वर्षांची. बरोबर फक्त सासू. मी नेहमीसारखी बाहेर पडले. तासाभराने परत आले तर ती पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडलेली, सलाइन संपलेलं, पाणी विचारायलाही कुणी नाही. साक्रीकडच्या एक वयस्क सिस्टर होत्या आमच्याकडे, अहिराणीच बोलायच्या. त्या मला म्हणाल्या, ‘मनले पटस नई ते तोंडवर सांगी दे, पन माणूसले टाकू नको.’ माझी मान खाली गेली. पुढे इथे येऊन कायदे वाचले, तेव्हा जाणवलं की बहुतेक देशांनी कायद्यात जवळपास हेच लिहून ठेवलंय.

आता आयर्लंड. १९८३ पासून इथे घटनेतच आठवी दुरुस्ती होती, आईचा आणि पोटातल्या जिवाचा हक्क सारखा मानणारी. मे २०१८ मध्ये सार्वमत होऊन ती गेली आणि १ जानेवारी २०१९ पासून नवा कायदा सुरू झाला. १२ आठवड्यांपर्यंत कारण विचारत नाहीत, फक्त डॉक्टरच्या दाखल्यानंतर ३ दिवस थांबावं लागतं. त्यापुढे आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल, नाहीतर बाळ पोटात किंवा जन्मल्यावर २८ दिवसांच्या आत दगावेल असा आजार असेल, तरच.

याच कायद्याचं कलम २२ तुझ्या कामाचं. डॉक्टर, नर्स किंवा मिडवाइफचा विवेकाचा आक्षेप असेल, तर गर्भपात करण्याची किंवा त्यात भाग घेण्याची सक्ती नाही, हा त्याचा पहिला भाग. त्यात धर्माचा शब्दही नाही. इथल्या लोकांना आक्षेप म्हणजे कॅथलिकांचा असं वाटतं, पण तुझी माळ तितकीच चालते, आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्याचाही आक्षेप चालतो. दुसरा भाग: तातडीची केस असेल, बाईच्या जिवाला किंवा प्रकृतीला तात्काळ गंभीर धोका असेल, तर ही सूट नाही. तिसरा भाग एजंट तुला कधीच सांगणार नाही. तू बाजूला झालीस तरी त्या बाईला ती सेवा मिळेल अशी सोय, म्हणजे तिची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवणं, लवकरात लवकर करणं तुझ्यावर बंधनकारक आहे. ‘मी करणार नाही’ म्हणून घरी निघून जायची मुभा कायदा देत नाही. इथल्या नर्सिंग बोर्डाच्या आचारसंहितेतही हेच आहे: मालकाला सांग, गरज असेल तर पेशंटला सांग, आणि जिवावर बेतलं असेल तर आक्षेप बाजूला ठेवून सेवा दे.

कायद्यात नावं तीनच आहेत, डॉक्टर, नर्स, मिडवाइफ. केअर असिस्टंट आणि फार्मासिस्ट त्यात नाहीत. म्हणून इथली नर्स म्हणून नोंदणी हातात पडायच्या आधीचा अ‍ॅडॅप्टेशनचा, म्हणजे देखरेखीखाली काम करायचा, काळ गायनॅक किंवा लेबर वॉर्डला येणार नाही, असं शक्यतो बघ.

तातडीच्या अपवादाबद्दल तुला राग आला असेल. मलाही आला होता. पण सविता हलप्पनवारचं नाव तू ऐकलं असशील. बेळगावची पोर, शिकून डेंटिस्ट झालेली, ३१ वर्षांची. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या हॉस्पिटलात १७ आठवड्यांची गरोदर असताना गर्भ निसटू लागला. बाळ वाचणार नव्हतं, हे ठाऊक असूनही ठोके चालू आहेत म्हणून तिने मागितलेला गर्भपात नाकारला गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. तिथे कुणा एका नर्सचा विवेक आडवा आला नव्हता. तेव्हाचा कायदाच आडवा होता, आणि तपासांत देखरेखीतल्या चुकाही निघाल्या. पण ‘हा कॅथलिक देश आहे’ असं आपण तिला म्हटल्याचं एका मिडवाइफने पुढे चौकशीत कबूल केलं. ख्रिस्ती म्हणून ते वाक्य मला आजही टोचतं. सार्वमताच्या वेळी तिचा चेहरा इथे भिंतीवर रंगवलेला मी पाहिलाय, लोकांनी खाली चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

माझ्यावरही एकदा ती वेळ आली. रात्रपाळी, पाणमोट फुटलेली बाई, ताप चढलेला, बीपी खाली खाली जाणारं. डॉक्टरांनी तातडीचा निर्णय घेतला. वॉर्डात अनुभवी अशी मीच. मी लाइन लावली, अँटिबायोटिक दिलं, तयारी केली, शेवटपर्यंत तिच्याजवळ थांबले. पहाटे चॅपलमध्ये जाऊन रडले. बाई वाचली. त्या रात्री मी काही पाप केलं असं मला वाटत नाही. तुला असा प्रसंग अजिबातच चालणार नसेल, तर प्रसूती आणि स्त्रीरोगाचे विभाग सोडून दे. डायलिसिस, ऑर्थो, वृद्धांची सेवा, इथे नर्सची गरज सगळीकडे आहे, आणि चार वर्षांचा लेबर रूमचा अनुभव कुठेच वाया जात नाही.

इंग्लंडचाही विचार चालू असेल तर. १९६७ चा तिथला गर्भपात कायदा १९६८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये नकाराचा हक्क आहे, त्यात नर्सच नव्हे तर ‘कोणीही व्यक्ती’ येते. आक्षेप खरा आहे हे दाखवायची जबाबदारी मात्र आपल्यावर, आणि जीव वाचवायचा किंवा कायमची गंभीर इजा टाळायची असेल तर सूट नाही. ‘भाग घेणं’ म्हणजे नेमकं काय, यावर तिथे दोन मोठे निकाल आहेत आणि ते समजून घेतल्याशिवाय कुणी इंग्लंडच्या मॅटर्निटीत जाऊ नये असं माझं मत आहे. सॅल्फर्डच्या एका डॉक्टरच्या सेक्रेटरीने गर्भपाताचं शिफारसपत्र टाइप करायला नकार दिला होता. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं, पत्र टाइप करणं म्हणजे उपचारात भाग घेणं नव्हे. मग डिसेंबर २०१४ मध्ये ग्लासगोच्या दोन कॅथलिक मिडवाइफ सुप्रीम कोर्टात हरल्या. त्या लेबर वॉर्डच्या समन्वयक होत्या. स्वतः हात न लावता दुसऱ्यांना केस वाटणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं, त्यांना आधार देणं, हेही आपल्याला नको, असं त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, हक्क आहे तो प्रत्यक्ष हाताने करायच्या कामापुरता. रोस्टर लावणं त्यात येत नाही. म्हणजे स्टाफ नर्स म्हणून तू सुरक्षित आहेस, पण बढती मिळून इन्चार्ज झालीस की ती ढाल पातळ होते. आपल्या मुली मेहनती, पाच-सहा वर्षांत बढती येतेच, म्हणून हे आताच सांगितलं.

जर्मनीबद्दल तुझा मावसभाऊ चुकीचा नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळे जळगाव-धुळ्यातही जर्मनचे क्लास ऐकू येतात. तिथला कायदा तर फारच सरळ आहे: गर्भपातात सहभागी व्हायला कोणीही बांधील नाही, अपवाद फक्त बाईचा मृत्यू किंवा गंभीर इजा दुसऱ्या कशानेच टळत नसेल तेव्हाचा. ‘कोणीही’ म्हणजे मदतनीससुद्धा. माझ्या मते तुझ्या स्वभावाला हा कायदा सगळ्यात जवळचा. अडचण एकच, भाषा, आणि ती छोटी नाही. आक्षेप घ्यायचा तर तो समजावून सांगता येण्याइतकी भाषा लागते. अर्धवट जर्मनमध्ये वॉर्डच्या प्रमुखाला ‘नाही’ म्हटलंस तर तो उद्धटपणा वाटेल.

स्वीडनच्या वाटेला जाऊ नकोस, निदान मिडवाइफ म्हणून. तिथे असा हक्कच नाही. दोन स्वीडिश मिडवाइफना या कारणाने नोकऱ्या नाकारल्या गेल्या, त्या युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०२० मध्ये त्यांचे अर्ज दाखलसुद्धा करून घेतले गेले नाहीत.

अमेरिकेत कायदे भरपूर आहेत, १९७३ च्या चर्च दुरुस्तीपासून. हा चर्च म्हणजे देऊळ नव्हे, फ्रँक चर्च नावाचे सिनेटर होते. पण २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या एका नर्सला, तीही आपल्यासारखी बाहेरून, फिलिपिन्सहून आलेली, अपील कोर्टाने सांगितलं की या कायद्याखाली तू स्वतः हॉस्पिटलवर दावा लावू शकत नाहीस. सरकारकडे तक्रार करायची आणि वाट बघायची. हक्क किती लिहिलाय यापेक्षा तो मोडला तर दाद कुठे मागायची, ते आधी बघावं.

नोकरी जाईल का, याचं उत्तर. आयर्लंडमध्ये कलम २२ आहेच, शिवाय धर्मावरून कामावर भेदभाव करायला १९९८ च्या रोजगार समानता कायद्याने बंदी आहे. तरी सुरुवातीला परमिट त्याच मालकाशी बांधलेलं असतं, आणि बांधलेला माणूस घाबरतो. म्हणून आक्षेप मुलाखतीनंतर, ऑफर हातात आल्यावर पण सही करायच्या आधी, ईमेलने कळव. तोंडी नको. कुठली कामं करणार नाहीस ते नावानिशी लिही आणि कुठली करशील तेही: आधीची तपासणी, नंतरची देखभाल, वेदनाशामक, रक्तस्रावावर लक्ष, तातडीची प्रत्येक केस. नवा कायदा आल्यावर मीही असंच लिहून दिलं होतं. त्यानंतर एका वरिष्ठ बाईंनी ‘मग अपॉइंटमेंटचा फोनही घेणार नाहीस का’ असं जरा चढ्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, फोन घेईन, योग्य माणसाला जोडून देईन. विषय तिथेच संपला. आल्या आल्या नर्सेसच्या युनियनची, आयएनएमओची, सभासद हो. वर्गणी जड वाटली तरी.

तू खाली भीतभीत विचारलेले दोन प्रश्न. पेशंटला मांसाहारी जेवण भरवावं लागेल का? हो, लागेल. अशक्त माणसाला घास भरवणं ही शुश्रूषाच आहे, त्याला कलम २२ लागू होत नाही. आणि हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, डुकराच्या आतड्यापासून बनतं हे खरं आहे. ते तू जळगावातही रोज टोचत आलीस. पेशंटला ते नको असेल तर तो त्याचा हक्क, डॉक्टरला सांगून पर्याय बघता येतो. आपण ते टोचायला नकार द्यावा, असं मला वाटत नाही. हे वडिलांशी आधीच बोलून घे. माझ्या आईला मी चार वर्षं सांगितलं नव्हतं की मी कुठल्या वॉर्डात आहे. ते लपवणं मला वॉर्डातल्या कामापेक्षा जड गेलं.

ऑफर लेटर आलं की त्यात विभागाचं नाव लिहिलंय की नुसतं ‘स्टाफ नर्स’, ते पहिलं बघ. नुसतं स्टाफ नर्स असेल तर सही थांबव आणि मला कळव. ईमेलचा मसुदा आपण दोघी मिळून करू, तू मराठीत लिहून पाठवलास तरी चालेल.