मॅकग्रेगर हे आडनाव कोठून आले आणि हे कुळ खरोखर राजवंशी आहे का?

आपले जावई मॅकग्रेगर आडनावाचे असून त्यांच्या घरी ‘आम्ही राजाच्या वंशातले’ असे सांगतात, ते खरे का, असे आपण विचारले आहे. राजवंशाचा हा दावा मला मान्य नाही. हे स्कॉटलंडमधील कुळ आहे. तेथील 9व्या शतकातील केनेथ मॅकॲल्पिन राजाचा ग्रेगोर नावाचा भाऊ हा मूळपुरुष होता, असे परंपरा सांगते आणि ‘राजवंशी माझे कुळ’ हे त्यांचे गेलिक (तेथील जुन्या भाषेतले) ब्रीदही तेच सांगते. पण त्या भावाचा समकालीन पुरावा नाही. कागदोपत्री हे घराणे दिसू लागते ते 14व्या शतकात, पश्चिम हायलँडमधील (स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील) ग्लेनॉर्की खोऱ्यात. पुढे कॅम्पबेल सरदारांनी त्या मुलखावर कायदेशीर हक्क मिळवले आणि मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यात उपरे ठरले.

या नावाचे मोल ज्यामुळे आहे, तो इतिहास त्यानंतरचा. 7 फेब्रुवारी 1603 रोजी लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रूइन येथे मॅकग्रेगरांनी ‘कहून’ कुळाच्या लोकांची मोठी कत्तल केली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी घेण्यासाठी निघण्याच्या बेतात होता; त्याच्या मंत्रिमंडळाने एप्रिलमध्ये मॅकग्रेगर हे नावच रद्द केले आणि ते लावणाऱ्याला देहदंड ठरवला. कुळाचा प्रमुख अ‍ॅलिस्टर याला 1604 च्या जानेवारीत एडिंबरोत फाशी दिले. 1661 मध्ये बंदी उठली, 1693 मध्ये पुन्हा लादली गेली आणि कायमची गेली ती 1774 मध्ये. या काळात लोकांनी मरे, ग्रँट, ड्रमंड, स्ट्युअर्ट, एवढेच काय कॅम्पबेलसुद्धा, अशी मिळेल ती नावे लावून जीव वाचवले.

मी हे उत्तर लिहायला बसले, त्याचे कारण असे की माझ्या सासरचे आडनाव मरे आहे आणि आपण मूळचे मॅकग्रेगर, असे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. माझे एक चुलत सासरे मात्र मॅकग्रेगर हेच नाव लावतात. एकदा आम्ही सारे बॅलव्हिडरच्या चर्चच्या आवारात रॉब रॉय या प्रसिद्ध मॅकग्रेगराच्या कबरीपाशी उभे होतो. तेथे ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ कोरलेली आहे. तिच्यावर बोट ठेवून ते माझ्या यजमानांना म्हणाले, “तुमच्या शाखेने भीतीपोटी नाव टाकले आणि बंदी उठल्यावरही परत घेतले नाही.” यजमान गप्प राहिले, मला राहवले नाही. मी विचारले, “काका, या कबरीत जो माणूस आहे, त्याने स्वतः आईचे कॅम्पबेल हे नाव लावले होते ना? मग त्यालाही भित्रा म्हणायचे का?” त्यांनी उत्तर दिले नाही आणि परतीच्या वाटेवर माझ्याशी बोललेही नाहीत.

तेव्हा मला सुचले नाही ते आता लिहिते. बंदी उठल्यानंतर 826 कुळबांधवांनी ज्यांना प्रमुख म्हणून मान्यता दिली, ते सर जॉन मरे या नावानेच वावरत होते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात अधिकारी होते. त्यांच्या घराण्याने राजपरवाना काढून मॅकग्रेगर नाव पुन्हा घेतले ते 1822 साली. खुद्द प्रमुखाच्या घराला इतकी वर्षे लागली, तर ज्यांची शेती, लग्ने आणि चर्चमधील नोंदी मरे नावाने झाल्या होत्या, त्या कुटुंबांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. घरच्यांना जिवंत ठेवण्यासाठी नाव बदलणे याला मी धैर्यच म्हणते.

अर्थात प्रत्येक मरे हा मॅकग्रेगर नसतो; ते मुळात स्कॉटलंडमधील मोरे परगण्यावरून आलेले स्वतंत्र आडनाव आहे. उलट प्रत्येक मॅकग्रेगरही एका रक्ताचा नसतो, कारण आश्रयाला आलेले लोक प्रमुखाचे नाव घेत. जावयांना शोध घ्यायचा असेल तर त्यांनी ‘कुळाचे मानचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स) म्हणून विकल्या जाणाऱ्या तसबिरींवर पैसे घालवू नयेत. स्कॉटलंडच्या कायद्यात असे मानचिन्ह व्यक्तीचे असते, आडनावाचे नव्हे. 1855 पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदींतून आणि त्याआधीच्या चर्चच्या नोंदवह्यांतून एकेक पिढी मागे जावे, गावाचे नाव पक्के करावे, आणि वाटेत मरे किंवा ग्रँट लावणारा पूर्वज भेटला तर त्याला वगळू नये.