आजीचं टसरचं लुगडं आणि 25 माणसांचं लग्न

प्रश्न (2021 च्या कोरोना लॉकडाऊनमधला): ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. आमचं लग्न एप्रिलमध्ये होतं, लॉकडाऊनमुळे राहिलं, आता जूनमध्ये करायचं म्हणतोय. आम्हाला सत्यशोधक पद्धतीनं करायचंय, भटजी नाही, डीजे नाही, आणि मला सगळं 1950-60 च्या फोटोंमधल्यासारखं हवंय, आजीचं टसर रेशमाचं करवतकाठी लुगडं, तिची गळ्यातली मण्यांची एकदाणी, ब्लॅक अँड व्हाईट फोटो. आई म्हणते, "25 मानसात लगन लावलं त लोकं का म्हनतीन, दिवाळीनंतर धुमधडाक्यात करू." आजी 78 ची आहे, तिला यायचंच आहे. काय करू?

उत्तर: पोरी, कर लग्न. दिवाळीला काय परिस्थिती असेल ते आज कोणीच सांगू शकत नाही, आणि तुला जे हवंय ना ते 500 माणसांच्या गर्दीत जमलंच नसतं.

22 एप्रिल 2021 पासूनचा नियम म्हणजे एकाच ठिकाणी जास्तीत जास्त 25 माणसं, 2 तासांत सगळं उरकायचं, मोडला तर 50 हजार दंड. फोटोवाला, स्वयंपाकी सगळे धरूनच मोज म्हणजे नंतर वाद नको. जूनमध्ये नियम बदलू शकतात, म्हणून तारीख ठरली की तहसीलला विचारून घे.

सत्यशोधकचा तुला इथे मोठा फायदा आहे बघ. मुहूर्तच पाहायचा नाही, मग सकाळी 7 ला लाव ना, वावरातल्या आंब्याखाली, मृग लागायच्या आधी. बंद हॉलपेक्षा मोकळी हवा कितीतरी बरी, ऊन तापायच्या आत सगळं आटोपतं आणि त्या वेळचा उजेड फोटोला इतका मऊ असतो की वेगळे लाईट लागत नाहीत. आईला सांग, हे काही आजकालचं खूळ नाही, जोतीराव फुल्यांनी असं पहिलं लग्न 25 डिसेंबर 1873 ला लावलं होतं. कायद्याची बाजूही पक्की ठेव, समारंभ आधी झाला तरी विशेष विवाह कायद्याखाली नंतर नोंदणी होते, 30 दिवसांची नोटीस आणि 3 साक्षीदार लागतात. सध्या लॉकडाऊनमुळे ऑफिसात हजेरी कमी आहे, फोन करूनच जा.

आता लुगडं, यात घाई करू नको. पेटीतून काढलं की आधी घडीच्या जागा उजेडासमोर धर. जिथे बारीक रेषांमधून उजेड दिसेल तिथे रेशीम चिरलंय, वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की असं होतं. तसं असेल तर नऊवारी नेसू नकोस, कासोट्याला इतका ताण बसतो की बसता क्षणी टर्रकन फाटेल. मग साधं सुती लुगडं नेस आणि आजीचं अंगावर शेल्यासारखं घे, करवतीचे दात असलेला तो काठ खांद्यावर दिसला की झालं. धड असेल तर सावलीत दोन दिवस वारा दे, उन्हात नको, आणि जरीवर थेट इस्त्री फिरवू नको. भंडाऱ्याकडचे विणकर अजूनही हे काठ हातमागावर विणतात, आपल्याच मुलखाचं एवढं देखणं वस्त्र घरात असताना ऑनलाईन 'व्हिंटेज' गाऊन कशाला मागवायचा गं?

ब्लाऊज कोपरापर्यंत बाहीचा, अंबाडा, काजळाची बारीक शेपटी, बस. मास्क आहेच म्हणजे नटायचं ते डोळ्यांनीच. फोटोसाठी आजीआबाजींचा जुना फोटो शोध आणि अगदी त्याच पोझमध्ये उभे राहा, मागे जाजम टांगा. मास्क तेवढ्या एका फोटोपुरता काढा, तोही लांब उभं राहून. गावात दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, असेल तर बैल सजवून नवरदेवाला त्यातूनच आणा.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी बुंदी आणि चिवड्याची शिदोरी पाठव, आईची निम्मी काळजी तिथेच मिटेल. पंगत बसवूच नका.

आजीचं मात्र मनावर घे. आत्ता, 2021 मध्ये, 45 च्या वरच्यांना कोरोनाची लस मिळतेय, डोस राहिला असेल तर आधी तो, आणि डोस घेतल्यावरही दोनेक आठवडे अंगात ताकद यायला लागतात, तारीख तसं बघूनच धर. तिची खुर्ची सगळ्यांपासून लांब, मास्क चांगला, पाया पडायला कोणी जवळ जायचं नाही, तूसुद्धा लांबूनच नमस्कार कर. आणि एकदाणीचा दोरा तपास, जुना दोरा आतून कुजलेला असतो, भर लग्नात मणी सांडतील. दुकानं बंद आहेत तर आजीलाच ओवायला बस म्हणावं, कोणता मणी कुठे ते तिलाच माहीत असणार.