खेळणी पुष्कळ झाली, आता काम द्या

(घरातील प्राण्यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना पशुवैद्यकांनी दिलेली उत्तरे)

प्रश्न : आमचा शेरू आठ महिन्यांचा देशी कुत्रा आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तो घरात एकटा असतो. त्याच्यासाठी बारा-तेरा खेळणी आणली, पण कोणत्याही खेळण्यात त्याचे मन दोन दिवसांपेक्षा जास्त रमत नाही आणि सोफ्याची गादी व चपला मात्र रोज फाटतात. पावसामुळे त्याला पुरेसे फिरवताही येत नाही. त्याला कोणते खेळणे आणावे? — एक वाचिका, ठाणे

उत्तर : तेरावे खेळणे आणण्यापूर्वी आहेत त्यांतली दहा कपाटात ठेवावीत. जमिनीवर चोवीस तास पडलेली वस्तू कुत्र्याच्या लेखी खुर्चीच्या पायासारखीच होऊन जाते. तीच वस्तू आठवडाभराने, तुमच्या हातून, खेळाच्या वेळी बाहेर आली तर नवी ठरते. एका वेळी दोन-तीन खेळणी बाहेर असावीत आणि दर तीन-चार दिवसांनी ती बदलावीत.

मुख्य मुद्दा असा की कुत्र्याला हुंगणे, शोधणे, चावणे आणि फाडणे ही कामे जन्मतःच येतात आणि ती करायला मिळाली नाहीत तर तो ती सोफ्यावर करतो. आठव्या महिन्यात त्याचे 42 कायमचे दात आलेले असतात, त्यामुळे ‘दात येताहेत म्हणून चावतो’ हे कारण आता उरलेले नाही. पण या वयात चावण्याची गरज भरपूर असते आणि ती पुढेही राहते. म्हणून त्याचे जेवण स्टीलच्या भांड्यात एकदम ओतण्याऐवजी निम्मे तरी त्याला मिळवायला लावावे. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या वर्तमानपत्रांखाली किंवा चिंध्या घट्ट बांधलेल्या रबरी जाळीच्या पायपुसण्यात कोरडे खाद्य विखरून दिले, तर एरवी दोन मिनिटांत संपणारे जेवण बराच वेळ पुरते आणि कुत्रा त्यानंतर स्वतःहून आडवा होतो. खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढावी. पुठ्ठा फाडला तर फाडू द्यावा, मात्र तो गिळणारा कुत्रा असेल तर हा खेळ नको.

चावण्यासाठी पोकळ, जाड रबराचे खेळणे सर्वांत उपयोगी पडते. त्यात दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून रात्री फ्रीझरमध्ये ठेवावा आणि सकाळी घराबाहेर पडताना द्यावा. (अशा खेळण्यांपैकी ‘काँग’ची गोष्ट मजेची आहे : 1970 च्या दशकात अमेरिकेतील जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ हा जर्मन शेफर्ड दगड चावून दात खराब करीत असे; फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना बाजूला टाकलेला सस्पेन्शनचा रबरी भाग त्याने उचलला, दगड सोडले आणि त्या आकारावरून ते खेळणे घडले.) खेळणे विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. अंगठ्याचे नख दाबल्यावर पृष्ठभाग किंचितही दबत नसेल तर ते दाढ तोडण्याइतके कठीण आहे. शिंगे आणि वाळवलेली जाड हाडे यातच मोडतात. आणि ते संपूर्ण तोंडात मावून मागच्या दाढांपर्यंत जात असेल तर ते गळ्यात अडकू शकते. शिजवलेली हाडे तर देऊच नयेत, कारण त्यांच्या टोकदार ढलप्या होतात. जुनी चप्पल ‘खेळायला’ देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. जुनी कोणती आणि गेल्या आठवड्यात घेतलेली कोणती हे शेरूला कळावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

पावसात लांबची फेरी जमली नाही तरी उघडीप मिळताच वीस मिनिटे पट्टा सैल सोडून त्याला हवे तेथे थांबून हुंगू द्यावे. या फेरीत किती अंतर कापले याला महत्त्व नाही. साचलेले पाणी टाळावे आणि लेप्टोस्पायरोसिसची लस झाली आहे ना हे तपासावे. उरलेल्या दिवशी घरातल्या एकाने दाराआड लपावे आणि शेरूने शोधावे, एवढा खेळही त्याला थकवतो.

तरीही नऊ तासांचा एकांत या वयाला फार आहे. दुपारी कोणीतरी येऊन त्याला अर्धा तास बाहेर नेईल अशी सोय करावी. शिवाय एके दिवशी जुना मोबाइल चित्रीकरणासाठी लावून जावे. तो तुम्ही गेल्यावर काही वेळ झोपून मग गादीकडे वळत असेल, तर तो कंटाळा आहे. पहिल्या अर्ध्या तासातच तो दार ओरबाडत, भुंकत, लाळ गाळत असेल आणि भरलेल्या खेळण्याला तोंडही लावत नसेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. तिच्यावर कोणतेही खेळणे चालत नाही, पशुवैद्यकांना ते चित्रण दाखवून उपचार ठरवावे लागतात.

प्रश्न : आमची तीन वर्षांची मनी घराबाहेर जात नाही. पहाटे साडेचारला ती आम्हाला उठवते आणि पायांना चावते. मुलांनी लेझरचा दिवा आणला आहे; ती त्यामागे खूप धावते, पण नंतर बराच वेळ अस्वस्थ होऊन ओरडत फिरते. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मांजर मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारा प्राणी आहे, त्यामुळे साडेचारची वेळ तिच्या दृष्टीने योग्यच आहे. टपून बसणे, झेप घेणे, पकडणे, चावणे आणि मग खाणे अशी तिची साखळी असते आणि लेझरच्या ठिपक्यात पकडण्यासारखे काहीच नसल्याने ती अर्ध्यावर तुटते. त्याऐवजी काठीला बांधलेले पीस किंवा चिंधी वापरावी, ती मनीच्या नाकाशी न नाचवता उंदरासारखी तिच्यापासून दूर, कपाटाआड पळवावी आणि अखेरीस तिच्या पंजात येऊ द्यावी. संध्याकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा, असे दहा-दहा मिनिटे खेळून लगेच जेवण दिले की ती अंग चाटून झोपते. पहाटे मात्र तिच्यासाठी उठू नये. एकदा उठलात की ओरडणे फळते हे ती शिकते.

कुत्र्याचे जेवण कोड्यातून द्यावे असे वर सांगितले, पण मांजराला तो नियम जसाच्या तसा लावू नये. 1963 साली ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाला असे आढळले की आयते अन्न समोर असूनही उंदीर कळ दाबून ते मिळवणे पसंत करतात. पुढे अनेक प्राण्यांत हेच दिसले, परंतु पाळीव मांजरांचा कल आयत्या ताटाकडेच दिसून आला. मांजर पाळणाऱ्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. तेव्हा सुरुवातीला चार-पाच दाणेच सोप्या डब्यात ठेवावेत.

खेळ संपला की काठी कपाटात बंद करावी. मांजराच्या जिभेवरील काटे आतल्या बाजूला वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो आणि आतड्याला चुण्या पाडून कापू शकतो. राखीचा रेशमी दोरा, गजऱ्याचा दोरा, शिवणाचा दोरा, पतंगाचा मांजा, केसांचे रबर यांवर म्हणून लक्ष असावे. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, तडक दवाखाना गाठावा.

प्रश्न : पिंजऱ्यातील पोपट दिवसभर एका जागी बसून पिसे उपटतो. त्याला कोणती खेळणी द्यावीत? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपला पोपट लाल कंठाचा देशी असेल, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही. त्याला खिडकीतून उडवूनही देऊ नये. पिंजऱ्यात राहून पंखांतले बळ गेलेला पक्षी कावळ्यांच्या तावडीत सापडतो. वन विभागाशी संपर्क साधून तो त्यांच्या स्वाधीन करावा. ऑस्ट्रेलियातून आलेल्या बजरीगारसारख्या पक्ष्यांना हा अडसर नाही. पिसे उपटण्यामागे त्वचेचा विकार किंवा परजीवीही असू शकतात, म्हणून पक्षी कोणताही असला तरी आधी तपासणी करून घ्यावी. तोवर आरसा आणि प्लास्टिकच्या घंटा काढून पेरूची ताजी, फवारणी न केलेली फांदी सालीसकट पिंजऱ्यात अडकवावी आणि कणीस सोलून न देता पानांत गुंडाळलेलेच द्यावे.