सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचं 5.00 ग्रॅम मिश्रण तापवल्यावर 3.76 ग्रॅम उरलं. बायकार्बोनेट किती टक्के?

वजन घटलं 1.24 ग्रॅम, आणि ही सगळी घट एकट्या बायकार्बोनेटची. कार्बोनेट बर्नरवर तापवलं तरी तसंच राहतं. बायकार्बोनेटच्या दोन मोलमधून (मोल म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येचं माप), म्हणजे 168 ग्रॅममधून, एक मोल पाणी (18) आणि एक मोल कार्बन डायऑक्साइड (44) उडून जातो, एकूण 62 ग्रॅम. बरेच जण इथे फक्त 44 धरतात आणि फसतात. पाणीसुद्धा वाफ होऊन जातंच ना!

म्हणून बायकार्बोनेट = 1.24 × 168 ÷ 62 = 3.36 ग्रॅम, म्हणजे 67.2 टक्के. बाकीचं कार्बोनेट.

प्रयोग स्वतः करणार असाल तर नमुना आधी कोरडा हवा, नाहीतर ओलही घटीत मोजली जाते. मूस (नमुना तापवायचं छोटं भांडं) तापवा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करा, वजन करा. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत हेच.