बसलं की आग, उठलं की आराम

प्रश्न : वय ३४, अंगकाठी किरकोळ. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून कुल्ल्यांवर आपटलो. आता बसलं की जननेंद्रियापासून गुदद्वारापर्यंत आग होते. एक्स-रे नॉर्मल. बारीक असल्यामुळे होतंय का?

उत्तर : नुसत्या बारीकपणामुळे नाही. कुल्ल्यांवर मांस कमी असलं की बसताना हाडं टोचतात, अंगकाठीचा वाटा बहुधा तेवढाच. संशय येतो तो जननेंद्रियापासून गुदद्वारापर्यंतच्या भागाची संवेदना नेणाऱ्या प्युडेंडल नसेचा. ही नस कुल्ल्याच्या आत दोन अस्थिबंधांच्या (हाडं जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) चिमट्यातून जाते. आपटल्यावर तिथे व्रण धरला किंवा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडूनच राहिले, की ती दाबली जाते. एक्स-रेत नस दिसतच नाही, त्यामुळे ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

कमोडवर बसल्यावर दुखणं कमी होतं का? दुखण्यानं रात्री जाग येत नाही ना? बसून आराम पडत असेल आणि रात्री जाग येत नसेल, तर या नसेचा संशय बळावतो; वेदनातज्ज्ञांना दाखवा. नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिल्यावर तात्पुरता आराम पडला, तर निदानाला बळ मिळतं.

तोवर सायकल बंद. मधोमध खाच असलेली उशी घ्या, गोल रिंग नको. २०-३० मिनिटांनी उठा. आवळण्याचे व्यायाम (केगेल) स्वतःहून करू नका, आखडलेले स्नायू आणखी आवळतात; ते सैल करायला शिकवणारा फिजिओथेरपिस्ट शोधा.

लघवी अडली किंवा जननेंद्रिय-गुदद्वाराचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.