'पैसा वसूल' म्हणजे कौतुक की पळवाट?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात देतो. "परवा सुट्टीत आम्ही घरचे सगळे एक इंग्रजी सायफाय पिक्चर बघून आलो. परग्रहावरची यंत्रं, कोसळणारी शहरं, पळापळ, सगळं होतं. मुलं खूश, मीपण खूश. बाहेर पडताना मी म्हटलं, 'पैसा वसूल!' तर सासरे म्हणाले, एक तर हे मराठी नाही आणि दुसरं म्हणजे पिक्चर चांगला होता असं छातीठोक म्हणता येत नाही तेव्हाच लोक असं म्हणतात. खरंच का? आणि समर ब्लॉकबस्टरला आपल्याकडे शब्द काय?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो, तुम्ही केलंत ते कौतुकच आहे आणि पुरतं कौतुक आहे, पण तुमच्या सासऱ्यांच्या पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वसूल हा शब्द मूळचा अरबी, वुसूल, म्हणजे पोचणं, हाती येणं. फारसीतून तो आपल्या दफ्तरात आला आणि महसुलाच्या कामात इतका मुरला की मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात तो अस्सल मराठी शब्दांच्या पंगतीला बसलेला दिसतो. गंमत म्हणजे महसूल आणि वसूल कानाला सख्खे भाऊ वाटतात पण त्यांचे धातू वेगळे, महसूल हा हासिल आणि तहसीलच्या घरातला आणि वसूलचं नातं आहे गझलेतल्या 'विसाल'शी, म्हणजे प्रियकर-प्रेयसीच्या भेटीशी! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर तेच डोक्यात होतं, की पैसे वसूल होणं म्हणजे माणसाची आणि त्याच्या हातातून गेलेल्या पैशाची पुन्हा भेट होणं. तर शब्द परका म्हणून टाकायचा असेल तर वसुली, वसूलबाकी सगळंच टाकावं लागेल, ते काही होणार नाही. (वसूलमधला सू दीर्घ, वसुलीतला सु ऱ्हस्व, हे जाता जाता, कारण 'वसूली' फार दिसतं.)

आता तथ्य कुठे, तर 'पैसा वसूल' ही जी घट्ट झालेली जोडी आहे, जी आपण उद्गार म्हणून फेकतो, तिच्यावर हिंदी सिनेमाच्या बोलण्याची छाप आहे हे खरं. मराठीत आपण सहसा 'पैसे वसूल झाले' म्हणतो, अनेकवचन आणि पुढे क्रियापद. पण 'पैसा' एकवचनातही आपल्याकडे सर्रास चालतो, पैसा खर्च झाला, पैसा बुडाला, त्यामुळे व्याकरणाच्या अंगाने 'पैसा वसूल' काही खुपत नाही. नामाआधी विशेषण म्हणून आलं तर मी जोडून लिहितो, 'पैसावसूल पिक्चर', आणि नुसता उद्गार असेल तर तोडून.

पण माझा खरा जीव आहे तो दुसऱ्या शब्दावर, 'पैसे फिटले'. हा तुमच्या सासऱ्यांना नक्की माहीत असणार. माझा मामा मे महिन्यात आम्हा सगळ्या भाचरांना पुण्यातल्या अलका टॉकीजला न्यायचा, तिथे तेव्हा इंग्रजी पिक्चर लागायचे, आम्हाला संवाद निम्मे कळायचे नाहीत पण यंत्रमानव भिंत फोडून आला की काय कळायचं राहतंय, आणि बाहेर टिळक चौकातल्या उन्हात डोळे बारीक करून उभे राहिलो की मामा म्हणायचा, "फिटले रे पैसे!" आणि मग सगळ्यांना उसाचा रस. ते 'फिटले' मला अजून ऐकू येतं.

वसूल आणि फिटणे एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत बघा. वसूल करतो सावकार आणि कर्ज फिटतं ते ऋणको माणसाचं. म्हणजे दोन्हीत कल्पना एकच, की तिकीट काढलं त्या क्षणी पिक्चर आपला देणेकरी झाला, आता दोन-अडीच तासांत त्याने ते देणं फेडायचं. फेडलं तर वसूल झाले, फिटले. नाही फेडलं तर बुडाले, भुर्दंड पडला. सगळी भाषा उसनवारीची आहे. आणि फिटणे किती मोठ्या घरातला शब्द आहे, हौस फिटते, संशय फिटतो, गाठ फिटते, आणि डोळ्यांचं पारणं फिटतं! पारणं म्हणजे उपास सोडणं, एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात ते. डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणजे तोवर डोळे उपाशी होते. मोठ्या पडद्यावर अख्खं आकाश भरून यान उतरतं आणि बाजूचा मुलगा पॉपकॉर्न तोंडाशी नेता नेता थांबतो, त्या क्षणाला याहून नेमका शब्द मला कुठल्याच भाषेत सापडलेला नाही.

मग पळवाटीचा आरोप कुठून आला? मला वाटतं तो 'गल्लाभरू'मुळे आलाय. परीक्षण लिहिणारे असल्या पिक्चरला गल्लाभरू म्हणतात, आणि हे शेवटचं ऊ बघा, गल्लाभरू, पोटभरू, वेळकाढू, बोटचेपू, या घडणीच्या शब्दांत मराठी माणूस बहुतेक वेळा नाक मुरडतच असतो. गल्लाभरू हा निर्मात्याच्या गल्ल्याकडे बघून काढलेला शब्द आहे आणि पैसावसूल हा प्रेक्षकाच्या खिशाकडे बघून. पिक्चर एकच असू शकतो. पण तुम्ही प्रेक्षक म्हणून बोलत होतात, त्यामुळे गल्लाभरूमधली नाराजी तुमच्या तोंडी घालायचं काही कारण नाही. याने जे देईन म्हणून सांगितलं ते दिलं, एवढं आणि नेमकं तुम्ही म्हणालात, आणि ते काही कमी नसतं, भले भले गंभीर सिनेमे ते देणं फेडत नाहीत.

याच्याच शेजारचं एक वाक्य मात्र मला मुळीच आवडत नाही, 'डोकं घरी ठेवून बघायचा पिक्चर'. शाळेतली भूमिती आठवा, पक्ष, साध्य, सिद्धता. सायफाय पिक्चर बघताना आपण पक्ष, म्हणजे सुरुवातीला दिलेलं गृहीत, मान्य करतो. निर्वात पोकळीत आवाज जायला माध्यमच नाही, त्यामुळे अंतराळात यान फुटलं तर बाहेर कुणाला काहीच ऐकू येणार नाही, हे नववीतल्या मुलालाही माहीत असतं आणि पडद्यावर स्फोटाने खुर्ची हलते तेव्हा तो तक्रार करत नाही, कारण ते गृहीत धरलंय. पण पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं की या यंत्राला पाणी लागलं की ते बंद पडतं आणि शेवटी तेच यंत्र समुद्रात उतरून लढलं, तर तोच मुलगा आईला कोपर मारून सांगतो की हे चुकलं. म्हणजे डोकं घरी नव्हतं, पक्ष मान्य करून सिद्धता तपासत बसलं होतं. तुमच्या मुलांना विचारून बघा, घरी जाताना गाडीवर हीच चर्चा झाली असणार.

आता समर ब्लॉकबस्टर. ब्लॉकबस्टर हा दुसऱ्या महायुद्धातला शब्द, ब्रिटिश विमानांतून टाकायच्या चार हजार पौंडी आणि त्याहून मोठ्या बाँबना वर्तमानपत्रं असं म्हणायला लागली, इमारतींचा अख्खा ब्लॉक उडवणारा म्हणून, आणि लगेच सिनेमाच्या जाहिरातींनी तो उचलला. उन्हाळ्याशी त्याची गाठ पक्की झाली ती २० जून १९७५ ला स्पीलबर्गचा शार्कवाला 'जॉज' आला तेव्हापासून. तसं अमेरिकेत लोक उन्हाळ्यात थिएटरात शिरायला लागले होते ते आधीपासूनच, गारव्यासाठी, न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात १९२५ साली कॅरियर कंपनीची वातानुकूलन यंत्रणा बसली, तिथून. आपल्याकडेही एके काळी जाहिरातीत 'वातानुकूलित' हा शब्द मिरवायचाच की.

पण 'उन्हाळी' असं भाषांतर करायला गेलात तर फसेल. त्यांचा समर मे अखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि आपल्याकडे तोवर जूनमध्ये शाळा उघडून रेनकोट बाहेर निघालेले असतात. त्यांचा जुलैतला समर पिक्चर पुण्यात आपण छत्री झटकत बघतो. म्हणून मी 'सुट्टीतला पिक्चर' म्हणतो, एप्रिल-मेमध्ये बघितला असेल तर. आणि एक सापडलेली मौज सांगितल्याशिवाय राहवत नाही, देवनागरीत 'समर' लिहिलं की आपल्याकडे त्याचा अर्थ युद्ध असाच होतो, समरांगण, समरप्रसंग! तुमच्या पिक्चरमध्ये दोन तास जे चाललं होतं त्याला समर म्हणणं कुणी चूक ठरवू शकणार नाही.

ब्लॉकबस्टरला जुना मराठी शब्द म्हणून रौप्यमहोत्सवी सुचवतात, ते मला पटत नाही. रौप्यमहोत्सव म्हणजे एका थिएटरात २५ आठवडे, ते मोजमाप काळाचं होतं, दादा कोंडक्यांच्या पिक्चरचं यश लोक असंच मोजायचे. ब्लॉकबस्टरचं मोजमाप पहिल्या तीन दिवसांच्या कमाईचं आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या, तेव्हा ब्लॉकबस्टर तसाच ठेवावा, तो मराठीत 'तुफान चालला' च्या शेजारी सुखाने राहतोय.

प्रकाराला नाव हवं असेल तर पुणेकरांकडे एक शब्द तयार आहे, देखावा. गणपतीत आपण हलते देखावे बघायला तासन् तास रांगेत उभे राहतो, लहान मुलाला खांद्यावर घेतो, राक्षसाचा हात वर गेला की टाळ्या वाजवतो, आणि गोष्ट तर आधीपासून पाठ असते. विज्ञान काढून घेतलं तर जी कोसळते ती विज्ञानकथा, या कसोटीवर तुमचा पिक्चर कदाचित उतरणार नाही, त्यातलं विज्ञान आराशीसारखं असेल, पण आरास उत्तम असली तर तिच्यासाठी लोक लांबून येतातच. 'देखाव्याचा पिक्चर' म्हणून बघा सासऱ्यांसमोर, आणि पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन जा, बाहेर पडल्यावर ते 'वसूल' म्हणतात की 'फिटले' म्हणतात ते मला जरूर कळवा.